टाळूतली निळसर रेघ

रेवा पाच वर्षांची झाली तरी तिचं नेमकं काय बिघडलंय, हे मला उमगत नव्हतं. तान्ही असताना दूध नाकातून यायचं. पुढे बोलायला लागली तीही नाकातूनच. 'ब' किंवा 'प' म्हणायला गेली की 'म' व्हायचा. झोपेत घोरायची, मधेच श्वास अडकून दचकायची. अमरावतीहून सासूबाई फोनवर म्हणायच्या, "आपल्याकडची मुलं उशिराच बोलतात." शाळेतल्या बाई म्हणायच्या, लाड कमी करा. नवरा नव्यानं सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला. अमेरिकेची सकाळ झाली की यांचं काम सुरू. शेवटी सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरांनी नाकामागची गाठ वाढल्याचं सांगितलं आणि ऑपरेशन ठरलं. माझं मन मात्र ठरेना. देवासमोर बसले तर मागावं काय, तेच सुचत नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिला घेऊन कसब्यातल्या गणपतीला गेले. रेवानं हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "माम्मा मोरया!" कुणीतरी हसलं. डोक्याला स्कार्फ बांधलेल्या एक बाई मात्र वळून जवळ आल्या.

"अहो, हिच्या तोंडातली टाळू कुणी नीट तपासलीय का?"

"उद्या नाकामागची गाठ काढणार आहेत," मी म्हटलं.

"नाकातून बोलते म्हणून? छान. गळक्या घराची उरलेली भिंतही पाडा."

मला रागच आला. मग त्यांनी समजावलं. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांना त्या बोलायला शिकवत. टाळू आखूड असली तर ती गाठच हवा अडवते. ती काढली तर आहे ते बोलणंही बिघडायचं. "मी देवळात फारशी येत नाही," त्या म्हणाल्या. "स्कूटर बंद पडली, म्हणून सावलीला थांबले."

कोण या, आणि यांचं का ऐकावं? तरी घरी न जाता थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी टॉर्च धरली, बोटानं टाळू चाचपली आणि मलाही दाखवली. वरून अखंड दिसणाऱ्या टाळूत मधोमध निळसर रेघ होती. आतले स्नायू जुळलेच नव्हते.

"बरं झालं आलात," ते म्हणाले आणि ऑपरेशन रद्द केलं.

रक्त तपासलं तेव्हा कळलं, एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडा जन्मतःच नव्हता, त्यामुळेच टाळू अशी. अशा मुलांच्या हृदयातही दोष असू शकतो, म्हणून मग हृदय तपासलं, झोपेतला श्वासही. टाळू शिवल्यावर श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून नाकामागच्या गाठीला हात न लावता आधी घशातले टॉन्सिल काढले, काही महिन्यांनी टाळू शिवली. त्यानंतर देवळात भेटलेल्या त्याच बाईंनी रेवाकडून एकेक अक्षर घोटून घेतलं.

मी एकदा त्यांना म्हटलं, "तुम्हाला बाप्पानंच पाठवलं."

"स्कूटरच्या स्पार्क प्लगनं पाठवलं," त्या म्हणाल्या.

मी वाद घातला नाही. त्यांचंही खरं असेल. त्या दिवशी मी काही मागितलं नव्हतं. मागण्याइतकंही मला कळत नव्हतं. आणि तरीही मदतीचा हात मिळाला. गुणसूत्राचा तो तुकडा माझ्याच लेकीच्या वाट्याला का आला नाही, हे आजही कळत नाही. पूर्वी त्या प्रश्नानं जीव पोखरायचा. आता रोज सकाळी तो प्रश्न बाप्पाच्या पायाशी ठेवते, आणि रेवाला शाळेसाठी उठवायला जाते.