देवाआधीची भाकरी

ब्राह्मणपुरीच्या गुजर गल्लीतून शहाद्याच्या हायस्कुलात मॅट्रिकपर्यंत पोचलेली पहिली मुलगी म्हणजे शोभा गिरधर पाटील. पोचली म्हणजे काही कुणी हार घालून पोचवली नव्हती. दरवर्षी परीक्षेचा निकाल लागला की घरात तोच विषय निघायचा, "आता बस झालं", आणि दरवर्षी तिचे वडील गिरधर मान खाली घालून मोठ्या भावाकडे बघायचे. मोठे भाऊ रूपचंद घराचे कारभारी. ते विडी विझवून म्हणायचे, "एक साल अजून." असं करत करत एकोणीसशे बासष्ट साल उजाडलं आणि शोभा अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला, आली.

घर एकत्र, दोन चुलींचं. आतली चूल रूपचंदांच्या बायकोची, शांतीबाईंची. तिच्यावर घरच्यांचा आणि देवाचा स्वयंपाक. बाहेर पडवीतली चूल शोभाच्या आईची, रुक्मिणीबाईंची. तिच्यावर सालदारांच्या, सालाने ठेवलेल्या गड्यांच्या, भाकऱ्या. कापूस, केळी, ऊस असं तिन्ही असलेल्या घरी सालदारही पाच-सहा. त्यांच्या भाकऱ्यांची चवड अंधारातच थापायला घ्यावी लागे. शिस्त अशी की आतल्या चुलीवरचं पहिलं अन्न देवाला, मग शेतावर जाणाऱ्या पुरुषांना, मग पोरांना, आणि सगळ्यांत शेवटी बायकांना. शोभा सोळा वर्षांची झाली तशी ती पोरांच्या पंगतीतून उठून बायकांच्या पंगतीत आली. कुणी उठवलं नव्हतं. आपोआप उठली.

घोटाळा इथेच झाला. त्या वर्षी शहाद्याची गाडी सकाळी लवकर यायची, तेव्हा देवाची पूजाही झालेली नसायची. शोभा चहा पिऊन पुस्तकं छातीशी धरून निघायची. शांतीबाई आतून विचारायच्या, "खादं का वं?" ती म्हणायची, "मायनी दिधं." पडवीतून रुक्मिणीबाई विचारायच्या, "खादं का?" ती म्हणायची, "मोठी मायनी दिधं." दोघींचे हात पिठात. दोघींनाही खरं वाटायचं, कारण तसं वाटण्यात कुणाचंच काही चुकत नव्हतं.

खोटं बोलण्याची तिला हौस नव्हती. आपल्या शिक्षणापायी घराला आधीच पुष्कळ सोसावं लागतंय, त्यात आपल्या भाकरीसाठी देवाची वेळ बदलायला कसं सांगायचं, एवढाच तिचा विचार. शिवाय भूक लागते म्हटलं तर बोल येणार तो आईवर. तेव्हा गप्प बसलेलं बरं.

डबा मिळायचा. रात्रीची कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून आई तो आदल्या रात्रीच कोनाड्यात ठेवायची. पण शाळेत डबा उघडायचा कुठे? वर्गात मुली तीन. बाकीच्या दोघी गावातल्या, मधल्या सुट्टीत घरी जायच्या. उरलेले सगळे मुलगे. त्यांच्यासमोर तोंड हलवायचं या कल्पनेनेच शोभा डबा पिशवीत तसाच ठेवायची. अन्न फेकायचं तर घरात पाप मानलेलं. म्हणून संध्याकाळी परतीच्या गाडीआधी ती डबा स्टँडवर बसणाऱ्या भिकुबाईच्या फडक्यावर रिकामा करायची. भिकुबाई डोंगराकडची भिलीण. थंडीत बोरं आणि हरभऱ्याचे टहाळे विकायची.

"रोज मालेच देस," भिकुबाई एकदा म्हणाली. "तू काय हवा खास का वं?"

"घरी जाईसनी जेवस ना मी."

"हां. म्हनीसनी तुन्हा गळानी हाडं मोजाई जातस."

शोभा हसली आणि गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळी घरी जेवण मिळे, ते पोटभर मिळे. पण दिवसभर ताणलेलं पोट रात्री एकदम भरलं की डोळे मिटायचे आणि पुस्तक कंदिलाखाली उघडंच राहायचं. पौषात सहामाहीचे पेपर परत मिळाले. भूमितीच्या पेपरात एक प्रमेय अर्ध्यावर तुटलं होतं. आकृती सुरेख, पहिल्या तीन ओळी बरोबर, पुढे कोरं. तेच प्रमेय तिने पेपराच्या सकाळी गाडीत दोनदा म्हणून पाहिलं होतं. लिहिताना तिसऱ्या ओळीनंतर कागदच तिला पांढरा-पिवळा दिसू लागला होता. हे तिने कुणाला सांगितलं नाही. आपलं डोकंच कमी पडतंय, असं ती धरून चालली, आणि आणखी लवकर उठू लागली.

त्याच आठवड्यात ती पडली.

गाडी खचाखच भरलेली होती. शहाद्यापर्यंत ती दांडा धरून उभी राहिली. स्टँडवर उतरली, दोन पावलं चालली आणि पुस्तकांसकट खाली बसावं तशी आडवी झाली. माणसं गोळा झाली. पण सोळा वर्षांच्या मुलीला हात कोण लावणार? पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. भिकुबाई बोरांची पाटी सोडून आली. तिने शोभाला भिंतीकडेच्या सावलीत ओढलं, आपल्या लोटीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं आणि उरलेलं तिला पाजलं. मग शोभाच्या पिशवीतला डबा काढून भाकरीचा तुकडा मोडला.

"खाय."

शोभाने खाल्ला. भिकुबाईच्या हातचा, दहा माणसांच्या देखत.

त्या दहांत गावचा दोधू होता. दोधू वाईट माणूस नव्हता. पण एखादी गोष्ट त्याच्या पोटात सूर्यास्तापर्यंत टिकली, असं गावात कुणाला आठवत नाही. शोभा घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

"रूपचंदबापू, पोर पडनी हो स्टँडवर. भिलीणना हातनं पानी पिधं. भाकर बी खादी."

शोभा आली तेव्हा ओट्यावर रूपचंद आणि गिरधर बसले होते, दारात शांतीबाई उभ्या होत्या.

"काय व्हयनं व्हतं?" रूपचंदांनी विचारलं.

"ऊन लागनं, मोठा बाबा."

"पौष महिनामा ऊन?" शांतीबाई म्हणाल्या. "आम्हले तं नही लागनं. सरळ सांगा ना, पोरले मिरगी शे म्हनीसनी. म्हसावदना पाव्हणास्ना कानवर गयं, तं कोन करी हिले?"

म्हसावदच्या एका घराशी शोभाचं बोलणं चाललं होतं. परीक्षा झाली की बघू, एवढ्यावर ते थांबलं होतं. गिरधर एकदम म्हणाले, "भाऊ, शाळा—" आणि पुढचं वाक्य त्यांनाच सापडलं नाही.

"परीक्षा कवय शे?" रूपचंदांनी विचारलं.

"मार्चमा," शोभा म्हणाली.

रूपचंदांनी बोटांनी जमीन टोकरली. "जाय मंग. पन आते एकदाव पडनी, का शाळा बंद. मंग मार्च नही आनि एप्रिल नही. समजनं?"

शोभाने मान हलवली. शांतीबाईंनी तिला घरात येण्याआधी डोक्यावरून अंघोळ करायला लावली आणि गोमूत्र शिंपडलं. चहाचा एक पितळी पेला वेगळा काढून खिडकीत ठेवला. तो आता तिचा.

मग रुक्मिणीबाई तिचे ओले केस विंचरायला बसल्या. फणीत गळलेल्या केसांचा गुंता आला. एवढा गुंता त्यांनी बाळंतिणीच्या फणीतच पाहिला होता. त्यांनी तो उजेडाकडे धरला.

"मन्हासंगे खोटं नको बोलू. सकाळले काय खाईसनी जास तू?"

"चहा."

"आनि?"

"चहा, माय."

"मोठी माय देस ना तुले?"

शोभाने मानेनेच नाही म्हटलं.

"आनि डबा?"

"भिकुबाईले देस. शाळामा पोरं देखतस."

रुक्मिणीबाईंनी फणी खाली ठेवली. त्या रागावतील असं शोभाला वाटलं, पण त्यांनी वेणी घातली, पेड जरा जास्तच घट्ट ओढले आणि उठून गेल्या. लग्न होऊन आल्यापासून आतल्या चुलीसमोर त्यांनी थोरल्या जावेला उलट शब्द दिला नव्हता. सालदारांच्या भाकऱ्या कमी पडल्या तरी पीठ मागायला त्या उंबऱ्यावरच उभ्या राहायच्या.

त्या रात्री शोभाला झोप लागली नाही. पडायचं नाही, एवढंच ती मनाशी घोकत होती. पण पडायचं नाही असं ठरवून कुणी न पडता राहिलंय का? उद्याची गाडी, तो दांडा, ती गर्दी आणि गर्दीत टक लावून बघणारा दोधू.

सकाळी ती चहा पिऊन निघाली तशी पडवीतून आई म्हणाली, "बठ."

चुलीवरची पहिली भाकरी फुगून उतरली होती. रुक्मिणीबाईंनी ती ताटात टाकली, वर उडदाची दाळ घातली, तेल सोडलं.

"माय, देवले अजून दाखाडं नही."

"बठ म्हनस ना मी."

शोभा बसली. पहिला घास तिने देवघराकडे बघत घेतला, दुसरा घेतला आणि मग तिला थांबताच येईना.

शांतीबाई अंघोळ करून, ओल्या लुगड्याने देवघराकडे निघाल्या होत्या. त्या पडवीच्या दारात थबकल्या.

"रुक्मिणी! देवना आधी? आनि सालदारनी भाकर?"

"हो, जीजी." रुक्मिणीबाईंचे हात दुसरी भाकरी थापत होते. "देवले मी समजाडी लिसू. हिले गाडीवर जानं शे."

"कोना घरमा ऱ्हास तू? पोरले काय आम्ही उपाशी ठेवतस?"

"उपाशी शे ती, जीजी. शाळा उघडनी तवयपासून."

तेवढ्यात आवाज ऐकून रूपचंद आले. डोक्याला पागोटं नव्हतं, हातात बैलाचा कासरा तसाच होता. शोभाचा हात ताटात थांबला. आता झालं, असं तिला वाटलं.

रूपचंद तिच्या ताटाकडे बघत राहिले. अर्धी भाकरी संपली होती आणि ताटाच्या कडेला दाळीचा थेंबही उरला नव्हता. आयुष्य गुरांत गेलेल्या माणसाला भुकेल्या जिवाचं खाणं ओळखू येतं. मग त्यांनी कासरा खुंटीला अडकवला, पागोटं घेतलं आणि बाहेर निघून गेले.

"गयात," शांतीबाई पुटपुटल्या. "आते शाळा गई समज."

रस्त्याकडून गाडीचा भोंगा आला. शोभा दचकून उठायला लागली. आईने तिचा खांदा दाबला. भोंगा पुन्हा वाजला, मग पुन्हा. गाडी निघून जात नव्हती. शोभाने ताटातलं संपवलं, हात धुतला आणि पुस्तकं घेऊन पळाली.

निंबाच्या झाडाखाली गाडी उभी होती आणि गाडीच्या पुढ्यात भर रस्त्यात रूपचंद उभे होते. कंडक्टर फुटबोर्डवरून ओरडत होता, "पाटील, बाजूला व्हा हो! टाइम झाला. मला वर जबाब द्यावा लागतो!"

"दे मंग. सांग, रूपचंदनी आंडेर, रूपचंदनी पोर जेवी ऱ्हायनी."

"रोज असं चालायचं नाही!"

"रोज कोन थांबाडी तुन्ही गाडी? आजना दिवस."

शोभा धापा टाकत पोचली. रूपचंदांनी तिच्याकडे न बघता दाराकडे बोट केलं. ती चढल्यावर मात्र खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "डबा बी खाय. पोरं देखतीन तं देखतीन." गाडीत दोधू होता. शहादा येईपर्यंत त्याने तिच्यावरची नजर काढली नाही, जणू तिला पडताना सगळ्यांत आधी पाहण्याचा मान त्याचाच होता. शोभा दांडा धरून उभी राहिली. हात गार होते, पण पाय आपल्या जागी होते.

शांतीबाई दुष्ट नव्हत्या. आपल्या चुलीसमोरून एक पोर महिनोन्महिने उपाशी गेली आणि आपण "खादं का" विचारून पीठ मळत राहिलो, हे त्यांना लागलं होतं. पण म्हणून देवाआधी कुणी जेवलेलं त्यांना चालणार होतं असं नाही. दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आधी त्या अंघोळ करून देवघरात होत्या. देवाला त्या दिवसापासून लवकर उठावं लागलं. नैवेद्य दाखवून झाला की आतल्या चुलीवरची पहिली भाकरी, पुरुषांच्याही आधी, शोभाच्या ताटात पडू लागली. शांतीबाई ती वाढताना एकच शब्द बोलायच्या, "खाय," आणि ताट रिकामं होईपर्यंत दारातून हलायच्या नाहीत. खिडकीतला पितळी पेला मात्र होळीपर्यंत वेगळाच राहिला. भिकुबाईच्या पाण्याचा विषय त्यांनी कधी सोडला नाही, आणि शोभाने भिकुबाईशी बोलणं कधी सोडलं नाही.

परीक्षेचं केंद्र शहाद्यालाच होतं. पहिल्या दिवशी दोन पेपर, मध्ये सुट्टी. सकाळचा मराठीचा बरा गेला. दुपारी भूमिती. सुट्टीत सगळी मुलं अंगणात पांगली आणि शोभा पायरीवर एकटी उरली. तिसऱ्या ओळीनंतरचं ते कोरं पान तिला सारखं दिसत होतं. समोर चार मुलगे उभे राहून तिच्याकडेच बघत होते.

तिने फडक्याची गाठ सोडली. ठेच्याचा वास सुटला. एकजण काहीतरी म्हणाला, बाकीचे हसले. शोभाची मान आपोआप खाली गेली, पण तिने भाकरी मोडली. पहिला घास पाण्याबरोबर उतरवावा लागला, पुढचे उतरत गेले. मुलगे कंटाळून निघून गेले. घंटेला अजून वेळ होता. तिने दुसरी भाकरी काढली आणि खाता खाता प्रमेय पहिल्या ओळीपासून म्हणायला लागली.