माळढोकाचा म्हसोबा

लग्न होऊन मी राहुरीच्या पुढच्या त्या माळावर आले, तेव्हा धरणाचा कालवा नुकताच तिथवर पोचला होता. एका साखर कारखान्यानं उसासाठी सगळा माळ घेतला होता आणि तो सपाट करायला बुलडोझर आणला होता. आमचे हे त्या कामावर मुकादम. हे, मी आणि सासूबाई असे तिघं माळाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहायचो. दिवसभर मशीनची घरघर चालायची. ती थांबली तरी माझ्या डोक्यात चालूच असायची.

श्रावण लागल्यावर एकदा गवताला गेले तर समोरून माळढोकाची मादी उठली. माझं माहेर जामखेडकडचं, तिकडच्या माळांवर हा पक्षी मी लहानपणापासून बघितलेला. शेळीच्या करडाएवढा उंच आणि चाल एखाद्या पाटलिणीची. ती जिथून उठली तिथं एकच अंडं होतं, मातीच्या रंगाचं. घरटं नाही, काडी नाही, उघड्या जमिनीवर ठेवलेलं. एकुलतं एक अंडं, आणि तेही मशीनच्या वाटेत! मला त्या बयेचा रागच आला.

जेवताना ह्यांना म्हटलं, "अहो, तेवढा तुकडा महिनाभर राहू द्या. पिल्लू निघालं की आपलं आपण चालू लागेल."

"सायबाला काय सांगू? पाखरू बसलंय, मशीन उभं करा? मलाच घरी बसवतील."

खरं होतं ते, म्हणून जास्तच चीड आली. मी ताटावरून उठले.

सकाळी बघते तर सासूबाई तेलात शेंदूर कालवत बसलेल्या.

"आत्याबाई, हे कशाला?"

"मानसाचं कोन ऐकतंय बाई? देवाचं ऐकत्यात."

अंड्यापासून चार पावलांवर एक उभट दगड होता. त्याला त्यांनी शेंदूर फासला, दोन फुलं वाहिली. झाला म्हसोबा. मशीन तिथं आलं तसं ड्रायव्हरनं ते बंद केलं, खाली उतरून चपला काढल्या आणि साहेबांना सांगितलं, "म्हसोबाच्या वाटंला मी न्हाई जायाचा. दुसरा डायवर बघा." साहेबांनीही दगडाकडे बघून नकळत हात जोडले. कडेनं घ्या म्हणाले. भोवतीचा माळ लोण्यासारखा सपाट झाला आणि मधे गवताचा तेवढा तुकडा राहिला. दुपारी मादी परत येऊन अंड्यावर बसली. मी दारात उभी राहून पोट दुखेपर्यंत हसले.

दोन दिवसांनी दगडापुढं फुटलेला नारळ दिसला. मग उदबत्त्या. शनिवारी शिंगणापूरला जाणारे लोकही वाट वाकडी करून येऊ लागले. कुणी आलं की मादी उठायची, लांब जाऊन उभी राहायची, आणि अंडं उन्हात पडायचं. माणसं गेली की परत यायची. मला घरात बसवेना. भाकरी तव्यावर करपायची आणि मी दारात. आता काय करायचं? देव खोटा आहे म्हणावं तर उद्याच मशीन येणार. गप्प बसावं तर नारळ येणार. सासूबाई काठी घेऊन वाटेवर जाऊन बसल्या. "देवाला एकांत लागतो, लांबूनच हात जोडा," म्हणून एकेकाला परतवायच्या. त्यानं उलटंच झालं. देव कडक आहे अशी बोलवा झाली आणि लांबलांबची माणसं येऊ लागली. तरी मादी टिकून होती. अंडं फुटायला आता थोडेच दिवस राहिले असावेत, असं मी मनाशी धरून चालले होते.

मग पोळा आला. मशीन बंद होतं, केवढी शांतता म्हणून मी खूश होते. दुपार कलली तशी हलगी ऐकू आली. बैल देवाला नेतात हे काय मला माहीत नव्हतं? पण आमचा म्हसोबा आता देव झालाय, हे आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरं, सगळं गाव त्या सपाट केलेल्या जमिनीवरून सरळ चालत आलं. मादी या वेळी चालत गेली नाही, उडालीच. मी धावले, मधे उभी राहून ओरडले, "आरं तिकडं अंडं हाय!"

एक म्हातारा समजूत काढत म्हणाला, "देवाचं हाय ना पोरी? आमी धक्का लावू व्हय?"

आणि खरंच कुणी लावला नाही. बैल वळसा घालून नेले. दिवेलागणीला सगळे पांगल्यावर आम्ही जाऊन बघितलं. अंडं जसंच्या तसं होतं. वरून हळदकुंकू वाहिलेलं, शेजारी झेंडूचं फूल.

मादी दुसऱ्या दिवशी सपाट केलेल्या जमिनीच्या कडेपर्यंत आली, मान उंच करून उभी राहिली आणि वळली. त्यानंतर ती आलीच नाही. मी अंडं हातात घेतलं, ते गार होतं. मला रडू फुटलं. सासूबाईंनी पदरानं त्याचं कुंकू हळूहळू पुसलं.

"आता तो शेंदूरही पुसा," मी चिडून म्हटलं.

"आता न्हाई पुसायचा. आता त्यो खरा झाला."

आज तिथं चहूकडं ऊस आहे आणि मधे छोटं देऊळ. माळढोक मी त्या भागात पुन्हा बघितला नाही. सासूबाई होत्या तोवर दर पोळ्याला नैवेद्य घेऊन जायच्या, पण दगडापुढं ठेवायच्या नाहीत. चार पावलं अलीकडं, उघड्या जमिनीवर ठेवायच्या. लोक म्हणायचे, म्हातारीला आता नीट दिसत नाही.