खांद्यावरची खटखट

मी आप्पासो. फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालो आन् साताऱ्यात राहतो. माझी गाडी वाजाय लागली की मी हितं कुणाला हात लावू देत न्हाई, थेट सांगलीला नेतो. आमची मंडळी बडबडते, "साताऱ्यातलं समदं मिस्त्री मेलं का काय?" बडबडू दे. सांगलीच्या भरतेश मिस्त्रीसारखा दुसरा दावा म्हणावं.

तिथल्या विश्रामबागेच्या मागच्या अंगाला त्येचं गॅरेज. इंजिनाला हात लावायचा न्हाई, फकस्त चाकाखालचं काम. गाडी आपण चालवायची, तो शेजारी डोळं मिटून बसणार, आन् काय वाजतंय ते आपण सांगायचं न्हाई. चकार शब्द काढायचा न्हाई! मला, सुभेदाराला, गप बसवायचा गडी. वळताना कटकट आली की एक्सल, सपाट रस्त्याला घूंऽ आलं की बेअरिंग, खड्ड्यात खटखट झाली की लिंक. परत आला की नेमका त्याच चाकाला जॅक लावायचा. जैनाचं घर, दिवस बुडायच्या आत जेवायचं, म्हणून उन्हं कलल्यावर कोण आलं तर "उद्या या" म्हणायचा. साताऱ्यास्नं आलोय म्हणून मी आरडाओरडा करायचो. तो हसायचा, काम काय घ्यायचा न्हाई.

मग मधीच त्येची बायको, चंदनावैनी, ट्रायलला मागं बसाय लागल्या. "बाजारात उतरते," म्हणायच्या आन् उतरायच्या न्हाईत. मला कळंना ही काय भानगड. एकदा आरशात बघितलं तर वैनींचा हात भरतेशच्या खांद्यावर. गाडी खड्ड्यात आदळली, उजव्या अंगाला वाजलं, तशी वैनींनी उजव्या खांद्यावर बोटं वाजवली. जशी खटखट, तशीच बोटं. पुढं घूंऽ आलं तवा तळवा घासला.

भरतेशला ऐकायचं बंद झालं हुतं. सारा जन्म हातोडा आन् ग्राइंडर, कान राहतील कशाला? कानाला मशीन लावून बघितलं, पण त्यात समद्या आवाजांचा एकच गोंगाट व्हायचा, म्हणून काढून ठेवलं. समोरून बोललं की ओठ बघून त्येला कळायचं. गाडीचं ओठ कुठं बघणार? वैनी त्येचा कान झाल्या. दोघांनी ही गोष्ट गिऱ्हाईकांपासून लपवली, कारण बहिऱ्याकडं कोण गाडी आणणार? मीबी कुणाला बोललो न्हाई. गॅरेज हेच त्येचं जगणं हुतं.

गेल्या हिवाळ्यात वैनी गेल्या. तापाचं निमित्त झालं. मी मातीला गेलो हुतो. भरतेश रडला न्हाई, नुसता बघत बसला. माझ्याच्यानं बघवंना.

परवा माझी गाडी वाजाय लागली. खोटं कशाला बोलू, मुद्दाम गेलो. म्हटलं, गड्याला काम दिसलं तर जरा बरं वाटंल. दाढी वाढलेली, पण गाडी बघून उठला. रिवाजाप्रमाणं गाडीचं मागचं दार उघडलं, जरा थांबला, उघडं दार पुन्हा लावलं आन् माझ्या शेजारी येऊन डोळं मिटून बसला.

मी सरळ खड्ड्याखड्ड्यानं गाडी घातली. डावीकडं अशी खटखट की रस्त्यावरची माणसं वळून बघत्यात. भरतेश मात्र शांत. पाठ सीटला टेकवलेली न्हाई, जरा पुढं सरकून बसलेला, खांदं मोकळं ठेवून. शेवटी मला सोसंना. गाडी बाजूला घेतली आन् त्येच्या डाव्या खांद्यावर बोटं वाजवली.

त्यानं दचकून डोळं उघडलं. माझा हात बघितला. "कवापासनं वाजतंय?"

"निघाल्यापासनं की रं."

"मला वाटलं गाडी बरी हाय," तो म्हणला. "एवढा वेळ मी तिच्याच हाताची वाट बघत बसलो, आप्पासो." आन् मग रडला. भर रस्त्यात, लहान पोरागत. मीबी रडलो, त्यात कसली लाज?

गॅरेजात येऊन त्यानं लिंक बदलली. हाताला समदं ठावं हुतं, कुठं चुकला न्हाई. हात पुसून पाने पेटीत भरले आन् पेटीला कुलूप घातलं. मी खवळलोच. त्येच्या पुढ्यात उभा राहून वरडलो, "आरं, बंद करतोस व्हय? मी यीन की मागं बसायला!"

त्यानं माझ्या ओठांकडं नीट बघितलं. "रोज येणार साताऱ्यास्नं?"

तो शटर ओढाय गेला. उन्हं अजून डोक्यावर हुती.