राबाचं शेण

मानवजातीचा इतिहास हा मुळात ऊर्जेवरच्या मालकीचा इतिहास आहे. हे वाक्य माझं. नव्वदच्या दशकात आमच्या अंगणात एका मोठ्या पाहुण्यांनी ते माइकवरून वाचलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाक्य आजही मला बरोबर वाटतं. फक्त त्यात शेणाचा उल्लेख राहून गेला होता, आणि त्या दिवशी सगळं शेणावरच अडलं.

मी तेव्हा शहापूरच्या एका शाळेत इतिहास शिकवायचो आणि किन्हवलीच्या पुढच्या आमच्या गावातून एसटीने ये-जा करायचो. घरात वडील, मोठा भाऊ आणि वहिनी. भाऊ कल्याणला कामाला होता. उजाडायच्या आत निघायचा, दिवे लागल्यावर यायचा, त्यामुळे घरातल्या वादांत त्याचं मत बहुतेक वेळा झोपलेलं असायचं. म्हणजे वाद व्हायचे ते वडील आणि वहिनी यांच्यात, आणि मी मध्ये बसून पेपर तपासायचो.

वहिनीला धुराचा त्रास होता. पावसाळ्यात लाकडं दमट, चूल पेटायची नाही, फुंकणी घेऊन फुंकत बसायचं. डोळे सुजायचे आणि खोकला सुरू झाला की दिवाळीपर्यंत थांबायचा नाही. शहापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "औषध देतो, पण धूर बंद करा." वहिनी औषध घेऊन घरी आली आणि धूर करून तिने भाकऱ्या भाजल्या. धुराशिवाय भाजता येईल असं दुसरं काही घरात नव्हतं. सिलिंडरचं कनेक्शन तेव्हा नंबर लावून मिळायचं आणि मिळालं तरी भरलेलं सिलिंडर एसटीत घेत नसत. गावात वीज होती, पण ती गावात असण्यापेक्षा गावावरून जाण्यात जास्त वेळ घालवायची. आमच्या शेतांवरून मोठ्या तारा मुंबईकडे गेलेल्या होत्या. आमच्या तालुक्यातून मुंबईला पाणी जायचं, पूर्वी लाकूड गेलं होतं, तारांतून वीज जात होती. मुंबईहून यायचे ते पाहुणे.

अशात गोबर गॅसची योजना आली आणि वहिनीने माझ्या भावाकरवी अर्ज केला. योजनेचे साहेब मोटारसायकलवरून आले, गोठ्यातली गुरं मोजली, वहीत काहीतरी गुणाकार केला आणि म्हणाले, "दोन वेळचा स्वयंपाक आणि वर चहा. भरपूर शेण आहे तुमच्याकडे." वडील काही बोलले नाहीत. साहेबांना वाटलं, संमती आहे.

गोठ्यामागे खड्डा खणला गेला, विटांचा घुमट बांधला गेला, एका बाजूला शेण कालवायची टाकी, दुसऱ्या बाजूला गॅस निघून गेलेलं पातळ शेण, म्हणजे स्लरी, बाहेर पडायची जागा. योजनेतला हा परिसरातला पहिलाच गॅस असल्यामुळे उद्घाटन ठरलं. मी इतिहासाचा मास्तर म्हणून साहेबांनी पाहुण्यांचं भाषण माझ्याकडे सोपवलं. "जरा वजनदार करा," म्हणाले.

वजन माझ्याकडे होतं. इंग्लंडला कोळसा सापडला, कोळशावर इंजिनं चालली, इंजिनांसाठी जगभर रूळ पडले. आमच्या कसाऱ्याच्या घाटात रेल्वे चढली ती उंबरमाळीच्या आणि आजूबाजूच्या जंगलांतली झाडं आडवी करत. मग इंग्रजांच्या लक्षात आलं की झाडं संपतात. त्यांनी उरलेल्या जंगलाला हद्दीचे दगड लावले आणि जंगल संपवल्याचा ठपका आमच्या पणजोबांवर ठेवला. घरात दिव्याला रॉकेल आलं तेही समुद्रापलीकडून, डब्यांत भरून. म्हणजे आधी सरपण सरकारचं झालं, मग उजेड परका झाला. गोबर गॅस हा या साखळीतून सुटण्याचा मार्ग, असं मी लिहिलं. अजूनही मी त्यातलं एक वाक्य मागे घेणार नाही.

पणजोबांवरच्या ठपक्याचं मुख्य कारण होतं राब. आमच्याकडे भाताचं रोप नुसत्या जमिनीत टाकत नाहीत. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण पसरायचं, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळ, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, वर माती, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन सगळं जाळायचं. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि रोप काळंभोर येतं. इंग्रज अधिकाऱ्यांना हे जंगलीपणाचं वाटलं. त्यांनी नियम केले, कोणती झाडं छाटायची ते ठरवलं, चौकशीला समिती बसवली. आमच्या लोकांनी अर्ज केले, दंड भरले आणि राब भाजले. टहाळ कमी मिळू लागले तशी शेणाची किंमत वाढली. आमच्या वडलांचा शेणावर जीव होता त्यामागे एका साम्राज्याचं वनधोरण होतं, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "असंल. तू गोठा झाडलास काय?"

उद्घाटन ठरलं ते होळीनंतर. तारीख पाहुण्यांच्या सोयीची होती. तो महिना राबावर शेण टाकण्याचा आहे, हे साहेबांना माहीत नव्हतं. भाताच्या गावात ते कोणी सांगायची गोष्टही नव्हती. गुरं मोजणाऱ्याने शेण मोजलं होतं. ते शेण या दिवसांत कुठे जातं, हे विचारलं नव्हतं. आणि वडील विचारल्याशिवाय बोलत नसत. रोज सकाळी ते टोपली भरून राबावर न्यायचे आणि गॅसच्या टाकीत, साहेबांचा मान म्हणून, थोडंसं टाकायचे. देवाला नैवेद्य ठेवावा तेवढं.

पाहुणे आले. अंगणात मांडव, दोन माइक, हारतुरे. सोबत संगमरवरी फरशीही आली. तिच्यावर पाहुण्यांचं नाव, हुद्दा आणि 'यांच्या शुभहस्ते' हे सोनेरी अक्षरांत कोरलेलं. अडचण एवढीच होती की गोबर गॅस सगळा जमिनीखाली असतो. फरशी बसवायला भिंत नव्हती. शेवटी ती एका खुर्चीत ठेवली आणि खुर्चीलाही हार घातला. पाहुण्यांनी माझं भाषण वाचलं, मध्ये अणुशक्तीचा स्वतःचा एक परिच्छेद घातला, "स्वच्छ आणि स्वस्त ऊर्जा आज या माउलीच्या दारात आली आहे" असं म्हणत वहिनीकडे हात केला आणि मांडवात आणून ठेवलेल्या शेगडीपाशी जाऊन कॉक फिरवला.

काडी ओढली. काडी जळली, विझली. दुसरी ओढली. तीही स्वतःपुरती जळली. तिसऱ्या काडीला त्यांचं बोट भाजलं, पण फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फोटो काढला आणि साहेबांनी टाळ्या सुरू केल्या. त्या फोटोत ज्योत स्पष्ट दिसते. ती काडीची आहे, हे गावाला माहीत आहे.

पाहुण्यांच्या पांढऱ्या गाड्या गेल्यावर वहिनीने मांडवाच्या सतरंज्या झटकल्या, शेगडी उचलून घरात ठेवली आणि ओटीवर बसलेल्या वडलांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, शेन नाय घातलंत तुमी."

"घातलं की."

"ते दाखवायपुरतं."

"मग दाखवायचंच होतं ना आज?" वडील म्हणाले. "शेन गॅसला घातलं तं राबाला काय घालू? ह्याचं भाषण?" ह्याचं म्हणजे माझं.

मी म्हणालो, "बाबा, गॅसमधून शेण बाहेर येतंच. स्लरी म्हणतात. चांगलं खत असतं."

"खत असंल. पेटतं काय?"

स्लरी पेटत नाही.

"रोप भाजल्याबिगर येत नाय गो," ते वहिनीला म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुला धूर होतो ते का मला दिसत नाय? पण रोप नाय आलं तं वर्षभर खायचं काय? गॅसवर ठेवायचं काय?"

वहिनी म्हणाली, "राबावर टाकलंत तेवढं राहूद्या. उद्यापासूनचं मला द्या. राबाचा जो तुकडा उघडा राहील तो माझा. त्यात स्लरी घालीन, मी बघीन."

वडलांनी विडी पेटवली. राबाबद्दल घरात असं आजवर कोणी बोललेलं नव्हतं. "आणि नाय उगवलं तं?"

"नाय उगवलं तं मी पुन्हा गॅसचं नाव काढनार नाय."

"नाव नको काढू. लावणीला रोप कमी पडलं तं दुसऱ्याच्या बांधावर रोप मागायला तू जायचं. मी जानार नाय."

आमच्याकडे लावणीच्या दिवसांत रोप मागायला जाणं म्हणजे काय, ते शहरात सांगून कळणार नाही. मागितलं तर मिळतं, कोणी नाही म्हणत नाही. पण पुढे वर्षभर लग्नात, बारशात, एसटीच्या थांब्यावर कोणीतरी आपुलकीने विचारतं, "काय, औंदा पुरलं काय रोप?" वहिनीने हो म्हटलं. तिच्या 'हो'ला साक्षीदार मी आणि हार घातलेली खुर्ची.

दुसऱ्या दिवसापासून शेण टाकीत जाऊ लागलं. टाकी भरेपर्यंत वहिनी चुलीवरच खोकत होती. मग एका संध्याकाळी कॉक फिरवल्यावर फुस्स झालं आणि निळी ज्योत लागली. पाहुणे नव्हते, त्यामुळे टाळ्याही नव्हत्या. वहिनीने त्यावर आधी दूध तापवलं आणि उतू जाऊ दिलं. म्हणाली, नवीन शेगडीला तसं करायचं असतं. वैशाखात वडलांनी आपला राब भाजला. पलीकडचा तुकडा तसाच होता, आंब्याच्या सावलीतला, वडलांनी मुद्दाम सोडलेला सगळ्यांत वाईट कोपरा. वहिनीने त्यावर बादल्यांनी स्लरी ओतली.

बांधावरून जाणाऱ्यांना करमणूक झाली. "काय गो, राबाला आंबील पाजतेस काय?" शेजारच्या काकी म्हणाल्या.

"पाजते. तुमाला उरली तं देऊ काय?"

"नको बाय. आमचा राब उपाशीच बरा."

पेरणी झाली, पाऊस धरला, रोप वर आलं. वडलांच्या भाजलेल्या जागेत ते काळसर हिरवं, दाट, स्वच्छ. वहिनीच्या तुकड्यात रोप आलं, आणि ते मी म्हटलं होतं तसं चांगलं आलं. पण त्याच्याइतकंच तण आलं, आणि खत खाऊन तेही माजलं होतं. वडील छत्री घेऊन बांधावर उभे राहिले, खूप वेळ बघत राहिले. काही बोलले नाहीत. इतक्या समाधानाने न बोलणारा माणूस मी नंतर पाहिलेला नाही.

वहिनी त्याच दुपारी डोक्यावर इरलं घेऊन त्या तुकड्यात बसली. भाताचं रोप आणि त्यातलं गवत कोवळेपणी सारखंच दिसतं. एकेक काडी बघून उपटायची. रविवारी मी मदतीला गेलो. मी उपटलेली पहिली मूठ तिने हातात घेतली, उलटीपालटी केली आणि सगळं रोप बाजूला काढून ठेवलं.

"भावजी, तुमी इतिहास बघा."

"तुला कंटाळा नाही येत?"

"चुलीफुडं फुंकनी घेऊन बसायची तवा कोनी विचारलं नाय ते," ती म्हणाली. "इथं निदान डोलं उघडं हायेत."

आणि खरंच, तिला वेळ होता. सरपणासाठी डोंगरावर जाणं थांबलं होतं. तो सगळा वेळ तिने त्या तुकड्यात घातला, आणि मला जाणवलं ते हे की ती खोकत नव्हती. भर पावसात, ओणवी, आणि खोकत नव्हती.

लावणीला रोप पुरलं. तिच्या तुकड्यातल्या रोपाच्या मुठी आणि वडलांच्या मुठी एकाच चिखलात गेल्या आणि आठवड्याभरात कोणत्या कोणाच्या, हे वडलांनाही सांगता येईना. वहिनी कोणाच्या बांधावर गेली नाही. उलट शेजारच्या काकीच एका संध्याकाळी आल्या, डोक्यावर घोंगडी घेऊन, आणि अंगणातून म्हणाल्या, "दोन मुठी उरल्यात काय?" वहिनीने चार दिल्या. विचारलं काहीच नाही. तिला गरज नव्हती. विचारायला बाकीचं गाव होतं.

वडलांनी हार कबूल केली नाही. पण पुढच्या वर्षी उघडा तुकडा मोठा झाला आणि आंब्याच्या सावलीतून बाहेर आला. त्याच्या पुढच्या वर्षी अर्धा. टहाळ का तोडत नाही विचारलं की म्हणायचे, "झाडावर चढवत नाय आता." त्यांना चढवत होतं, आंबे उतरवायला ते चढायचे. माझ्या मते कारण चहा होता. पूर्वी पावसाळ्यात ओली लाकडं पेटेपर्यंत त्यांना सकाळचा चहा गुरं सोडायच्या वेळेनंतर मिळायचा. आता तो ते उठून चूळ भरेपर्यंत तयार असायचा. दोन हजार सालानंतर कधीतरी आमच्या शेतात राब भाजायचाच थांबला. समिती, हद्दीचे दगड आणि दंडाच्या पावत्या घेऊन इंग्रजांना जे आमच्या गावात जमलं नाही, ते वेळेवरच्या चहाने झालं. शाळेत मी हे शिकवलं नाही. परीक्षेत येत नाही.

पुढे टोकावड्याकडे जाताना धाब्यांच्या छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली, मुरबाडला स्वच्छ ऊर्जेवर शिबिरं भरू लागली, आणि एका शिबिरात मला साम्राज्यवाद आणि इंधन या विषयावर बोलायला बोलावलं. मी ऊर्जेवरच्या मालकीचं तेच वाक्य म्हटलं. टाळ्या वाजल्या. ते आजही बरोबर आहे. सोप्या शब्दांत: इंधन ज्याच्या हातात, दिवस त्याच्या हातात. आमच्या घरात ते वहिनीच्या हातात आलं, आणि तिने ते परत दिलं नाही.

संगमरवरी फरशी बरीच वर्षं गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती, कारण तिला लावायला जागा अजूनही नव्हती. नवीन स्वयंपाकघर बांधलं तेव्हा वहिनीने ती शेगडीखाली बसवून घेतली. मापात बसली. अक्षरांत पीठ अडकतं, म्हणून नाव खालच्या बाजूला आहे.