उत्तरेची डबी

आमच्या घरात काहीही हरवलं की ते कुठल्या तरी लाकडाला चिकटलेलं सापडतं. मी हे अभिमानाने सांगते, नवरा तक्रार म्हणून सांगतो. सीताबर्डीतून बिघडलेले स्पीकर आणायचे, त्यांच्यातलं लोहचुंबक काढायचं आणि लाकडाच्या पोटात लपवायचं, हा माझा नाद. सुऱ्या बाभळीच्या पट्टीला, किल्ल्या सागाच्या फळीला. चुंबक दिसत नाही. पाहणाऱ्याला वाटावं, लाकडालाच माया सुटली आहे.

लाकडाचं वेड वडिलांचं. उमरेडला आमच्या घरी हातमाग होता आणि त्याची सगळी दुरुस्ती ते स्वतःच करत. दुपारी माग थांबला की ते मला डोळे मिटायला लावत आणि लाकडाचा तुकडा नाकाशी धरून म्हणत, "ओळख." साग तेलकट वासाचा. सालई इतकी हलकी, की हातात आहे की नाही तेच कळू नये. बिजा पाण्यात टाकला की पाणी पिवळं होतं आणि उन्हात धरलं तर निळसर दिसतं. शिवण कापायला मऊ, पण एकदा वाळली की वाकडी होत नाही. वास घेता घेता मला तिथेच डुलकी लागायची. आजही रंधा मारताना मी अर्धी उमरेडलाच असते.

वडील गेल्यावर माय तिथे एकटी राहिली. या हिवाळ्यात ती स्वयंपाकघरात पडली आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. हे कळल्यावर मी कुणाचं ऐकलं नाही, सरळ तिला नागपूरला घेऊन आले. ती एक कापडी पिशवी घेऊन आली. पिशवी तिने पलंगाच्या पायथ्याशी ठेवली, पण उघडली नाही.

"झोप लागली तं राहीन," ती म्हणाली. "नाही तं मले उमरेडले नेऊन सोड."

झोप लागेना. सकाळी पाहावं तर माय भिंतीला टेकून बसलेली, डोळे लाल. चार दिवसांनी तिने विचारलं, "उत्तर कुठं हाय वं इथं?"

उत्तरेकडे डोकं करून आपल्याकडे कुणी झोपत नाही. ती दिशा गेलेल्या माणसाची. वडील गेले तेव्हा मागाशेजारी जमीन सारवून तिनेच त्यांचं डोकं उत्तरेला वळवलं होतं.

"डोळा लागला का वाटते, मी त्याईच्या जागी निजून राहिली," ती म्हणाली.

आता आमची इमारत बांधणाऱ्याने रस्त्याला धरून तिरपी बसवलेली. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, तिथून सूर्य दिसत नाही. मी तिला गच्चीवर नेऊन पूर्व दाखवली. ती तिला पटली, पण जिने उतरताना ती वळणावळणाला दिशा सांडत आली आणि खोलीत पोचेपर्यंत तिच्याजवळ एकही उरली नाही. नवऱ्याने मोबाईलमधलं होकायंत्र लावलं. ते वेड्यासारखं फिरत राहिलं, कारण त्याच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये मीच चुंबक बसवलं होतं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेले नाही. कव्हर काढून पुन्हा लावलं, पण मायचा त्या यंत्रावरचा विश्वास उडाला होता.

मग मी पाण्यावर सुई तरंगणारी होकायंत्राची डबी करायला घेतली. पहिली बिजाची केली. पाणी सुंदर रंगलं, पण त्यात सुई काळी पडली. दुसरी शिवणीची केली, बशीएवढी, उथळ. त्यात पाणी आणि पाण्यावर सालईची ढलपी. सुई चुंबकावर एकाच दिशेने घासून ढलपीवर ठेवली आणि गच्चीवर सूर्य पाहून तिच्या उत्तरेच्या टोकाला लाल नेलपॉलिश लावलं. ढलपी पाण्यावर हळूच फिरली आणि थांबली. माय इतकं टक लावून पाहत होती, जणू त्या पाण्यात कुणी येणार होतं.

डबी पलंगावर ठेवली. लाल टोक थेट तिच्या उशीकडे.

"पाह्य!" माय म्हणाली. "सांगत होती ना मी!"

आम्ही पलंग फिरवला. सुईही फिरली. लाल टोक पुन्हा उशीकडे. दुसऱ्या भिंतीला लावला, तरी तेच. माय घाबरली नाही, उलट तिला हसू आलं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"उत्तर माह्या मागंच लागली हाय वं," ती म्हणाली आणि पिशवीचा बंद घट्ट करू लागली. "उद्या सोडून दे मले."

मला रडू आलं आणि रागही आला. रागाच्या भरात मी डबी उचलली आणि पाणी फेकायला गॅलरीत गेले. तिथे सुई शांतपणे वळली आणि कोपऱ्यातल्या तुळशीकडे तोंड करून थांबली. आत पलंगाजवळ आणली, पुन्हा उशीकडे. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पलंग लोखंडी होता, त्यातच उशीच्या बाजूला बसवलेली सामानाची पेटीसुद्धा पत्र्याची, आणि सुई तिकडेच ओढली जात होती. घरभर चुंबकं चिकटवत फिरणारी मी, आणि मला पलंग दिसला नाही! नवऱ्याने फक्त किल्ल्यांच्या फळीकडे पाहिलं.

"माय, आठ दिवस दे मले," मी म्हटलं. "लाकडाचा पलंग करते. एक खिळा नाही लावणार."

"लाकूड कुठलं?"

"मागाचं."

सोडवून ठेवलेला माग उमरेडच्या घरी माळ्यावर दोराने बांधून पडला होता. "तसाही तो आता उभा कुठं हाय," माय म्हणाली.

सागाचे खांब रंध्याखाली आले, तेव्हा आमच्या गॅलरीत वडिलांची दुपार पसरली. तोच तेलकट वास. ज्या दांड्यावर त्यांचे हात घासत, तो दांडा मी तसाच ठेवला आणि मायच्या उशाशी बसवला. खाचेत खाच, लाकडाच्या खुंट्या, वर सुती नवारीच्या पट्ट्या. पलंग मांडला, मधोमध डबी ठेवली. लाल टोक सावकाश फिरलं आणि पायथ्याकडे स्थिरावलं.

ती आडवी झाली. हात डोक्यामागे नेऊन तिने तो गुळगुळीत दांडा चाचपला आणि धरून ठेवला. दुपार होती. खाली भंगारवाल्याची आरोळी दूर दूर जात होती.

"पिशवी वर ठेवून दे," ती डोळे मिटून म्हणाली.

मी पिशवी कपाटावर ठेवली.

"अन् ते डबी फेकू नको. माह्यी वेळ आली का उत्तर कोणाले विचारत बसू नको. त्याच्यात पाहजो, अन् तूच फिरवजो मले."

"काहीतरी बोलू नको, माय," मी चिडून म्हटलं.

पण तिला झोप लागली होती. मी डबीतलं पाणी कुंडीत ओतलं, सुई पुसली आणि डबी हाताशी राहील अशी ठेवून दिली.