मोरीच्या पाण्याला वाट देणारे दिनकरराव

दिनकररावांची आणि माझी पहिली भेट भोरच्या एसटी स्टँडवर झाली आणि ती भांडणाने झाली, हे या गौरवग्रंथात लिहायला हरकत नसावी. संस्थान नुकतेच विलीन झाले होते. ते बदलून आलेले नवे आरोग्य निरीक्षक, मी देवी टोचणारा. त्यांच्या हातातली लोखंडी पहार माझ्या पायावर पडली. आरोग्य निरीक्षकाला पहार कशाला लागते, असे मी चिडून विचारले. "खड्डे खणायला," ते शांतपणे म्हणाले. हे गृहस्थ खरोखरच स्वतः खणतात, हे पुढे कळले.

मार्गासनीच्या पलीकडच्या एका गावात वरच्या आळीच्या मोऱ्यांचे पाणी उतारावरून खालच्या आळीच्या विहिरीशी साचत असे आणि झिरपून तेच पिण्यात येई. दर पावसाळ्यात हगवण ठरलेली. खालच्या आळीतल्या लक्ष्मीबाईंची नात आदल्याच वर्षी हगवणीने गेली होती. दिनकररावांनी वरच्या आळीत प्रत्येक मोरीला शोषखड्डा करायचे ठरवले. तळाशी मोठे दगड, वर खडी, म्हणजे पाणी जागीच जिरावे. पण दुसऱ्याची विहीर राखायला आपले अंगण कोण खणू देतो? दारोदार फिरून, चहाचे कप रिचवून त्यांनी आळी राजी केली.

आणि आषाढात खड्डे तुंबले. पाणी अंगणात आले.

"सायेब, तुमच्या नादानं आमच्या दारात डबकं झालं," आळीचे कर्ते शंकरराव कडाडले. "उंद्या खड्डं बुजवतो आन् जुनी वाट मोकळी करतो."

लक्ष्मीबाई गर्दीतून पुढे आल्या. "शंकरदाजी, माजी सून पोटुशी हाय. त्ये पानी पुन्ना हिरीवर सोडू नगा."

दिनकरराव म्हणाले, "चूक माझी आहे. बाजारच्या दिवसापर्यंत मुदत द्या."

दुसरा कोणी असता तर त्याने वरिष्ठांना कळवून हात झटकले असते. यांनी धोतराचा काचा मारला आणि भर पावसात शंकररावांचाच खड्डा उपसायला घेतला. दगड जागच्या जागी होते, पण त्यांच्या फटींत काळपट लगदा घट्ट बसला होता. तो बोटांत चोळून पाहताच ते हसायला लागले. भांडी घासायची राख! तिने सगळ्या फटी बुजवल्या होत्या. त्यांनी कुंभाराकडून मडकी आणली, बुडाला भोके पाडली, आत भाताचा पेंढा भरला आणि प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाशी एकेक बसवले. राख पेंढ्यात अडायची. पेंढा आठवड्याला उकिरड्यावर टाकायचा आणि नवा भरायचा, बस्स. 'राख वापरू नका' असे मात्र त्यांनी एकाही बाईला सांगितले नाही. राखेवाचून भांडी निघत नाहीत, हे त्यांना कळत होते. मला त्यांचा सर्वांत मोठा अभिमान वाटतो तो इथे.

पाणी जिरू लागले, विहीर उपसून स्वच्छ केली. पुढे शंकरराव पाहुण्यांना हाताला धरून खड्डा दाखवायला नेत, जणू तो त्यांनीच शोधून काढला!

माणूस म्हणूनही ते असेच. वेल्ह्याच्या मुक्कामी मला ताप भरला, तेव्हा लस वाया जाऊ नये म्हणून माझी पेटी खांद्यावर घेऊन ते कंपाउंडरसह धनगरवाड्यावर चढून गेले. मला पाहून रानात पळणारी पोरे त्यांच्यापुढे दंड उघडे करून उभी राहिली म्हणे. याचा मला आजही थोडा राग आहे.

आता दिनकररावांना साठ पूर्ण होत आहेत. त्यांना आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, असे मी लिहिणारच होतो. पण परवा लक्ष्मीबाईंना या समारंभाची बातमी सांगितली आणि त्यांनी माझे काम हलके केले. शोषखड्ड्यांच्या साली जन्मलेला त्यांचा नातू पाटी घेऊन शाळेला निघाला होता. त्याला जवळ ओढून त्या म्हणाल्या, "सायबांना म्हनावं, ह्येच्या लग्नात अक्षता टाकाया तुमालाच यायचं हाय. आन् ह्येचा बाप म्हनतो, पोरगं लई शिकवायचं, लगीन उशिरानं. तवर ठनठनीत ऱ्हावा."