थोरली, बोलकी आन् दुधी

बशीरभाई गेले ते मला दुपारी कळलं. मी ज्वारी निवडत बसले व्हते. त्यांच्या सलीमचा फोन आला, म्हनला, "आक्का, अब्बा गये." येवढंच. मी ताट बाजूला सारलं. पैल्यांदा रडू आलं न्हाई, राग आला. हा मानूस काई न बोलता निघून जातो म्हंजे काय... आज दीड म्हयना झाला, राग उतरला न्हाई. उलट वाढला, कामून ते सांगते. नात म्हनली, आजी, पुरवनीत लोक गेलेल्या मानसावर लिहितेत, तू सांग, मी उतरून घेते. म्हनून सांगून राहिले. गोड ऐकायचं असंल तर दुसऱ्या कोनाला इचारा.

बशीरभाईंचं लातुरात मोटार भरायचं दुकान व्हतं. शेतातली पान्याची मोटार जळली की तिची जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरायची, ते काम. आन् लग्नात, भीमजयंतीत, उरुसात ते ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. बेस म्हंजे चार जाड तारांची, लांब दांड्याची. गानारा म्होरं ऱ्हातो, त्याला समदे बघतेत. बेसवाला माग अंधारात. त्याच्याकडं कोन बघत न्हाई, पन तो थांबला की नाचनाऱ्याचे पाय चुकतेत.

मी किल्लारीकडली. भूकंपात घर पडलं, त्यात मालक गेले आन् धाकटी लेक गेली. एक लेक वाचला. त्याच्यावर जास्ती बोलनार न्हाई. तवा लई जन वही घेऊन आले, लई जनांनी लिहून नेलं, काय लिहिलं ते वाचून दाखवायला एकबी परत आला न्हाई. पत्र्याच्या शेडमधी दोन उन्हाळे काढले आन् लेकराला घेऊन लातूर धरलं. बशीरभाईंच्या दुकानात झाडलोट करायला लागले. पुढं त्यांनी माज्या हातात तारेचं रीळ दिलं. बाईमानूस मोटार भरतंय म्हनून गिऱ्हाईक हसायचे. ते म्हनायचे, हस पाव्हन्या, आक्कानं भरलेली मोटार जळली तर तुज्याच हिरीत उडी मारतो, मग काढ मला.

पन त्याच्या आधीची, पैल्या आठवड्यातली गोष्ट सांगायची हाय. दुकानात तीन बेस गिटारी व्हत्या. असल कंपनीची एकबी न्हाई. हैदराबादेतला एक ऑर्केस्ट्रा मोडला, तवा आनलेल्या नकला. एका दुपारी त्यांनी त्यातली एक मशीनला, म्हंजे आवाज मोठा करनाऱ्या पेटीला, जोडली आन् सगळ्यात जाड तार वढली. मला काय झालं कळलं न्हाई. हातातला झाडू तिथंच आन् मी रस्त्यावर, भाजीच्या गाड्याला जाऊन धडकले. घर पडायच्या आधी खालून जो आवाज आलता, तोच. असला आवाज कानानं ऐकाया येत न्हाई. तळपायातून वर चढतो आन् पोटात बसतो. बशीरभाई मागून पळत आले. भाजीवाला हसून राहिलता, ते हसले न्हाईत. म्हनले, "जमीन न्हाई हालली आक्का. तार हालली."

मी म्हनलं, तुमची तार तुमाला लखलाभ, मी उद्या येनार न्हाई. पन लेकराच्या पोटाला पायजे व्हतं, गेले. बघते तर माजा पाट दाराशी, उंबऱ्याजवळ. म्हनले, इथं बसा, पळायला सोपं. मग त्यांनी दुसरी गिटार काढली. ती वाजवली, माज्याकडं बघितलं. तिसरी वाजवली, परत बघितलं. सुईवाला डॉक्टर लेकराच्या तोंडाकडं बघतो तसं. चार-पाच दिवस हेच. कोनत्या आवाजात ही बाई बसू शकती, ते बघून राहिले.

तिन्हीला नावं व्हती. मी पळाले ती थोरली. तिच्यात पिकअप एकच, म्हंजे तारेचा आवाज धरनारी कॉइल. ती बी दोन तुकड्यात, एक तुकडा जरा वर, एक जरा खाली सरकलेला. तिचं कोनतं बी बटन फिरवा, आवाज जाडच, भुईतून आल्यावानी. दुसरी दुधी. आतून पोकळ, कंबरेत बारीक, भोपळ्यासारखी, वजनाला काईच न्हाई. तार वढली की धुम करती आन् लगेच मिटती, ढोलकीच्या डाव्या बाजूवानी. तिसरी बोलकी. तिला दोन पिकअप, एक दांड्याजवळ, एक घोडीजवळ, म्हंजे तारा जिथं टेकतेत त्या पट्टीजवळ. दांड्याकडलं वर केलं की आवाज मऊ. घोडीकडलं एकटं वर केलं की नाकातून बोलती, निलंग्याच्या बाजारात बाया भाव करतेत तशी, एकेक शब्द सुटा. एकटं पिकअप जरा घरघर करतं. दोनी सारखी वर केली की घरघर जाती. दुधीत मला बसता येत व्हतं. बोलकीत तर मी काम बी करू शकत व्हते.

पुढं त्या पिकअपच्या कॉइली मीच भरायला लागले. दुसरीपतुर शाळा, पन आठ-दहा हजार फेरे न चुकता मोजायची. केसाहून बारीक तार, जोरात श्वास घेतला तरी तुटायची. फेरे जास्ती झाले की आवाज जाड व्हतो आन् गढूळ बी. कमी झाले की उघडा व्हतो, पन बारीक. ते दोन सूर वाजवून सांगायचे, आक्का, गढूळ झालं, थोडे फेरे काढा. मी काढायची. तवा मला कळलं की बाई असो का गिटार, आवाज कुठनं धरला त्याच्यावर हाय समदं. तीच तार, तेच बोट. मधी धरला तर थोरली, कडंला धरला तर बोलकी.

थोरली मातर माळ्यावर गेली. ऑर्केस्ट्रावाले यायचे, म्हनायचे, बशीर, लग्नाला थोरली आन, तिच्याबिगर लोक उठत न्हाईत. ते बोलकीच न्यायचे. म्या इचारलं, ती कामून काढत न्हाईत? म्हनले, कॉइल जळाली. म्हनलं, द्या, भरते. म्हनले, राहू द्या, तिचा दांडा बी वाकलाय. दोन-चार वर्सानं परत इचारायची, परत तेच. मग मी इचारनं सोडलं.

मग लातुरात क्लास वाढले. घर दिसलं की हॉस्टेल, गॅरेज दिसलं की अभ्यासिका. आमच्या दुकानाची इमारत एकानं घेतली आन् वर पोरींचं हॉस्टेल काढलं. त्यांना समदे सर म्हनायचे. शिकवत काईच नव्हते, पन क्लासच्या गल्लीत जो खुर्चीवर बसतो तो सर. एक दिवस खाली आले, म्हनले, चाचा, पोरींचं वरीस हाय, एक मार्क गेला तर जिंदगी गेली. बशीरभाईंनी आवाज कमी केला. पन जाड आवाजाचं असं हाय, बारीक आवाज भिंत अडवती, जाड आवाज भिंतीतून जातो. मग त्यांनी बोलकीचं नुसतं घोडीकडलं पिकअप ठेवलं, सगळा जाडपना काढला. तरी सर आले. मग बोलकी बी गेली. मग मशीनबिगर दुधी मांडीवर घेऊन वाजवायचे. पोकळ असल्यानं ती तशी बी थोडी वाजती, बाजूला बसलेल्याला ऐकू यील येवढीच. सर तिसऱ्यांदा आले. उभ्या उभ्या म्हनले, "चाचा, दुकान ठेवायचं का गिटार, येवढं सांगा."

बशीरभाईंनी दुधी कपड्यात गुंडाळली.

हदगावची एक पोरगी पानी तापवायचा रॉड दुरुस्तीला घेऊन आली. म्हनली, चाचा, वाजवनं कामून बंद केलं? वर आमाला बरं वाटायचं, घरी कोनीतरी काम करून राहिल्यावानी. ते म्हनले, बोट दुखतंय बेटा. मी तारेवरून मान वर केली न्हाई. राग सरवर व्हता, पन त्या घडीला बशीरभाईंचा जास्ती आला. कामून खोटं बोलायचं? खरं सांगा की तिला. पोरगी गेल्यावर मी बोलले तसं. म्हनले, तिची परीक्षा हाय आक्का, तिच्या डोक्यावर कामून टाकू.

शेवटची पाच वर्सं त्यांनी तार वढली न्हाई. मोटारी भरल्या, चष्मा बदलला, खोकला वाढला, गेले.

शोकसभा सरनीच घेतली, हॉस्टेलच्या हॉलमधी. फुलं, फोटो, माईक. सर बोलले, "बशीरचाचांनी विद्यार्थ्यांसाठी आपल्या कलेचा त्याग केला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मी उठनार व्हते, सलीमनं माजा हात दाबून धरला. दुकान अजून सरच्या जाग्यात हाय, सलीमला लेकरं हायत. बसले. त्याग म्हनं. मानसाचं बोट दाबून धरायचं, ते सुन्न झालं की म्हनायचं ह्यानं दान दिलं. वर सर सलीमला म्हनले, चाचांची एक गिटार आमच्या हॉलमधी काचेत लावू. ती मोठी हाय ना बिघडलेली, तीच द्या, वाजायची गरज न्हाई.

सलीमनं माळ्यावरून थोरली काढली, म्हनला, आक्का, द्यायच्या आधी एकदा बघता का. पुसली. पेच काढले, पिकअप उघडं केलं. जळालेली कॉइल मी वासानं वळखते, काळी पडती, कडक व्हती. ही पिवळीजर्द. मीटर लावला. काटा उठला आन् जिथं थांबायला पायजे तिथंच थांबला. दुसरा तुकडा बघितला, तो बी नीट. दांडा डोळ्यासमोर धरला. सरळ. काई झालं नव्हतं थोरलीला. कवाच काई झालं नव्हतं.

सलीम म्हनला, "आक्का, क्या हुआ?" मी मीटर खाली ठेवला. येवढी वर्सं मी सरला शिव्या दिल्या आन् सरच्या आधी मीच व्हते. पैल्यांदा थोरली माज्यासाठी बंद झाली. आन् मला कुनी इचारलं? मी म्हनले असते, वाजवा, मी रस्त्यावर उभी ऱ्हाते. दहादा पळाले असते, अकराव्यांदा बसले असते. घर पडलेलं बघितलेली बाई मी, मला तुमी एका तारेपासून लपवून ठेवलं? माज्या मोटारीवर हिरीत उडी मारनार व्हता, आन् खरं सांगायची हिंमत न्हाई? दया करताना बी मानसाला इचारावं लागतं बशीरभाई... हा राग मी कुनावर काढू, सांगा. मानूस तर गेला.

मी सलीमला म्हनलं, मशीन जोड. त्यानं वर बघितलं, हॉस्टेलकडं. मग जोडली. भर दुपार, दार उघडं. मी थोरली मांडीवर घेतली, लई जड हाय, आन् जाड तार वढली.

तळपायातून आलं. पोटात बसलं. माजे पाय आपोआप उठले, थोरली सलीमच्या हातात देऊन मी पायरीपतुर गेले. पायरीवर थांबले. वर खिडक्या उघडल्या, पोरी वाकून बघायला लागल्या. छातीत घर पडून राहिलतं, पन रस्ता तसाच व्हता, रिक्षा उभी व्हती, सलीम आवाज दबू नये म्हनून तारेवर हात न ठेवता माज्याकडं बघत व्हता. मी आत आले. बसले. परत वढली. परत उठले, पन ह्या टायमाला दारापतुरच. तिसऱ्यांदा उठले न्हाई. घाम आलता, पन बसून राह्यले, आवाज पार मरेपतुर.

वरून वॉचमन आला. म्हनला, "आजी, सर इचारून राहिले, ती बिघडलेली गिटार कवा देता?"

म्हनलं, "बिघडलेली आमच्याकडं न्हाई, म्हनाव."

सलीमनं हसू दाबलं आन् आवाजाचं बटन वर केलं.